‘हाफ सिक्स’ म्हणजे साडेपाच की साडेसहा?

शंकापेटी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या खेपेला शंकापेटीत आकड्यांचे आणि अपूर्णांकांचे इंग्रजी आले आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांची आहेत, पण बहुतेकांची गाठ एकाच जागी बसते. आकडा कळतो, पण तो कशाच्या मानाने आहे ते कळत नाही. उत्तरे वाचताना तेवढा एक प्रश्न हाताशी ठेवा.

लंडनच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने ‘लेट्स टॉक ॲट हाफ सिक्स’ असे कळवले. आमच्यात दोन तट पडले. एक म्हणतो साडेसहा. दुसरा म्हणतो, सहावा तास अर्धा, म्हणजे साडेपाच. खरे काय? आणि अमेरिकन माणूस ‘क्वार्टर ऑफ सिक्स’ म्हणतो ते कोणते? — पुणे

साडेसहा. ‘हाफ पास्ट सिक्स’मधला ‘पास्ट’ ब्रिटिश बोलण्यात गळून पडतो, बाकी काही नाही. अमेरिकेत असे म्हणत नाहीत, तिथे सरळ ‘सिक्स थर्टी’. ‘क्वार्टर ऑफ सिक्स’ हा मात्र अमेरिकन प्रकार आहे आणि त्यातल्या ‘ऑफ’ने भले भले फसतात. सहाचा पाव असा त्याचा अर्थ नाही. इथे ‘ऑफ’ म्हणजे ‘आधी’. सहाला पाव तास कमी, पावणेसहा. त्याच चालीवर ‘टेन ऑफ सिक्स’ म्हणजे सहाला दहा कमी, आणि ‘क्वार्टर आफ्टर सिक्स’ म्हणजे सव्वासहा.

साडेपाचवाल्या सहकाऱ्याला हसू नका. तो इंग्रजी चुकला, पण जर्मन बरोबर बोलला. जर्मनमध्ये ‘हाल्ब झेक्स’ म्हणजे साडेपाचच. डच आणि स्वीडिशमध्येही असाच हिशोब चालतो: पुढच्या तासाकडे तोंड करून, सहावा तास निम्मा झाला. आणि हा हिशोब आपल्याला परका आहे असे समजू नका. आपले ‘साडे’ संस्कृत ‘सार्ध’वरून आले, म्हणजे अर्ध्यासह, साडेसहा म्हणजे सहा आणि वर अर्धा. पण ‘अडीच’ आले ‘अर्धतृतीय’वरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. दोन पूर्ण, तिसरा निम्मा. जर्मन माणूस अडीच वाजल्याला ‘हाल्ब द्राय’, अर्धे तीन, म्हणतो ते याच रीतीने. जुन्या पाढ्यांतला ‘औट’ही असाच, ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा, म्हणून साडेतीन. ‘औट घटकेचा राजा’ यातली घटका २४ मिनिटांची; म्हणजे त्या बिचाऱ्याचे राज्य ८४ मिनिटांचे. शिवाय ‘पावणे’ म्हणजे ‘पादोन’, पाव उणे, हे तर पुढच्या आकड्यावरून मागे मोजणे झालेच. म्हणजे मराठी दोन्ही बाजूंनी मोजते, ब्रिटिश ‘हाफ सिक्स’ फक्त मागच्या तासावरून.

कामाचे सांगायचे तर बैठकीची वेळ लिहिताना ‘१८:३०, लंडन वेळ’ असे लिहून घ्या. लंडनचे संध्याकाळचे साडेसहा म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यात आपले रात्रीचे अकरा आणि हिवाळ्यात रात्रीचे बारा, कारण मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर ते घड्याळ सरकवतात. बाराचा प्रश्न आणखी वेगळा. बारा वाजता तारीख बदलते, तेव्हा वारही लिहा.

परदेशी ग्राहकाला फोनवर ‘आय विल कॉल इन टेन-फिफ्टीन मिनिट्स’ म्हटले की तो गोंधळतो. यात चूक काय? — ठाणे

‘दहा-पंधरा’, ‘दोन-चार’, ‘पाच-पन्नास’ ही जोडी मराठीची आहे. इंग्रजी कानाला ‘टेन-फिफ्टीन’ म्हणजे सव्वादहा. ‘टेन टू फिफ्टीन मिनिट्स’ किंवा ‘टेन ऑर फिफ्टीन मिनिट्स’ म्हणा. ‘टू-थ्री डेज’ नको, ‘टू ऑर थ्री डेज’ हवे. आपल्या ‘चाळीसेक’साठी इंग्रजीत ‘फॉर्टी-ऑड’ आहे. लिहिताना मधला हायफन विसरलात तर ‘चाळीसेक पाहुणे’ जाऊन ‘चाळीस विचित्र पाहुणे’ येतील.

फोनवर आहात म्हणून आणखी एक. नंबर सांगताना ‘डबल नाइन’, ‘ट्रिपल झीरो’ ब्रिटनमध्ये चालते, अमेरिकेत पुष्कळांना उमगत नाही. तिथे एकेक अंक सुटा सांगा. अमेरिकन माणूस शून्याला ‘ओ’ही म्हणतो. पासवर्ड किंवा बुकिंगचा क्रमांक असेल तर हा अक्षर ‘ओ’ की शून्य, ते विचारून घ्या.

‘वन अँड अ हाफ अवर’ की ‘अवर्स’? विद्यार्थी विचारतात, दीड म्हणजे दोनही नाहीत, मग अनेकवचन कशाला? — शिक्षिका, लातूर

‘अवर्स’. एकाहून जरा जरी जास्त झाले की इंग्रजी अनेकवचन घेते: ‘वन अँड अ हाफ अवर्स’, ‘वन पॉइंट टू किलोमीटर्स’. मुलांची चूक कुठून येते तेही पाहा. मराठीत ‘दीड रुपया’, ‘सव्वा महिना’, ‘दीड वर्ष’ एकवचनी, आणि ‘अडीच रुपये’ अनेकवचनी. आपले अनेकवचन दोनला सुरू होते, इंग्रजीचे एक ओलांडताच. फळ्यावर ही दोन वाक्ये शेजारी लिहिलीत तर पुन्हा सांगावे लागणार नाही.

एक पळवाट आहे. ‘ॲन अवर अँड अ हाफ’ म्हटले तर ‘अवर’ एकवचनी राहतो, कारण तो फक्त ‘एक’ला चिकटलेला आहे. रोजच्या बोलण्यात हेच जास्त ऐकू येते. क्रियापद मात्र दोन्ही ठिकाणी एकवचनी: ‘वन अँड अ हाफ अवर्स इज इनफ’. तास अनेक, वेळ एक. आणि हेच माप विशेषण म्हणून नामाच्या आधी आले की ‘एस’ गळतो आणि हायफन येतात: ‘अ टू-अँड-अ-हाफ-अवर फिल्म’.

हायफनला क्षुल्लक समजू नका. ‘ट्वेंटी फोर अवर शिफ्ट्स’ हे चार शब्द घ्या. हायफन ‘फोर’ आणि ‘अवर’मध्ये दिला तर चार-चार तासांच्या २० पाळ्या, म्हणजे ८० तास. ‘ट्वेंटी’ आणि ‘फोर’मध्ये दिला तर एकेक तासाच्या २४ पाळ्या. दोन्हीकडे दिला तर २४ तासांच्या पाळ्या, किती ते सांगितलेलेच नाही. कंत्राटात असे वाक्य आले तर शब्द मोडून लिहायला सांगावे.

अपूर्णांक वाचण्याचेही सांगायला हवे. आपल्या शाळांत ५/८ हे ‘फाइव्ह बाय एट’ वाचतात. भारताबाहेर ‘फाइव्ह बाय एट’ ऐकले की लांबी-रुंदी डोळ्यांपुढे येते, पाच बाय आठची खोली. तिथे ‘फाइव्ह एट्थ्स’ म्हणा, आणि बीजगणितात ‘फाइव्ह ओव्हर एट’. पाऊण म्हणजे ब्रिटिश ‘थ्री क्वार्टर्स’. अमेरिकेत ‘थ्री फोर्थ्स’ही चालते. ‘टू-थर्ड्स ऑफ’च्या पुढे जे नाम, त्याप्रमाणे क्रियापद: काम असेल तर ‘इज’, मुले असतील तर ‘आर’.

इंग्रजी पाककृतीत ‘ॲड हाफ ॲज मच शुगर अगेन’ असे आहे. मूळ साखर २०० ग्रॅम. एकूण १०० झाली, ३०० की ४००? — बेकरीवाले, सांगली

एकूण ३००. ‘हाफ ॲज मच अगेन’ म्हणजे आहे तेवढे, वर त्याच्या निम्मे. मराठीत एकच शब्द: दीडपट. ‘हाफ ॲज मच’ म्हणजे निमपट, १०० ग्रॅम. ‘ॲज मच अगेन’ म्हणजे आणखी तेवढेच, एकूण ४००. सगळा खेळ शेवटच्या ‘अगेन’वर आहे आणि घाईत वाचणारा नेमका तोच शब्द गाळतो.

पाककृती संगणकावरून उतरवून घेत असाल तर आणखी एक धोका. छापलेला दीड, म्हणजे एक आणि त्याला लागून लहान अर्धा, नक्कल करताना कधी कधी ‘११/२’ होतो. मग ‘दीड कप मैदा’ हा ‘अकरा भागिले दोन’, साडेपाच कप बनतो. प्रमाण डोळ्यांना खटकले तर आधी हेच तपासा. कपही सारखे नाहीत. अमेरिकन कप सुमारे २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियन २५०चा. कपातला फरक एका केकला झेपतो. मोठ्या चमच्यातला झेपेलच असे नाही, कारण ऑस्ट्रेलियात तो २० मिलिलिटरचा आणि बहुतेक ठिकाणी १५चा. खायच्या सोड्यासारख्या पदार्थात तो फरक चवीला लागतो.

‘पट’ लिहिताना इंग्रजीतला सर्वांत निसरडा प्रयोग म्हणजे ‘थ्री टाइम्स मोअर दॅन’. काहीजण तिप्पट समजतात, काही मूळ अधिक तिप्पट, म्हणजे चौपट. भांडणात दोघेही आपली बाजू मांडू शकतात. म्हणून ‘थ्री टाइम्स ॲज मच ॲज’ लिहा, वाद संपला. ‘थ्री टाइम्स लेस’ तर वापरूच नका. एकतृतीयांश म्हणायचे असेल तर ‘वन-थर्ड ॲज मच’.

पगारपत्रकातले ‘टाइम अँड अ हाफ’ म्हणजे नेहमीच्या पगारावर आणखी दीडपट का? — न्यू जर्सी

नाही, एकूण दीडपट. तासाला २० डॉलर मिळत असतील तर जादा तासाला ३०. ‘डबल टाइम’ म्हणजे ४०. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने, तो ज्यांना लागू आहे अशा कामगारांना आठवड्याच्या ४० तासांनंतर किमान दीडपट द्यावेच लागते. आपल्याकडे १९४८च्या कारखाने कायद्याने दुप्पट ठरवले होते. म्हणून इकडून गेलेल्याला दीडपट ऐकून काहीतरी कापले गेले असे वाटते. कापलेले नसते.

पगाराच्या पत्रात ‘बाय’ आणि ‘टू’ही नीट पाहा. ‘इनक्रीज्ड बाय’ म्हणजे इतक्याने वाढले. ‘इनक्रीज्ड टू’ म्हणजे इतक्यावर गेले. कर्जाचे व्याज ८ टक्क्यांवरून ९ वर गेले तर ते एका ‘पर्सेंटेज पॉइंट’ने वाढले, पण टक्केवारीत साडेबारा टक्के वाढले. जाहिरात करणारा कोणता आकडा मोठ्या अक्षरात छापेल ते सांगायला नको.

‘टू क्लेव्हर बाय हाफ’ला मराठीत काय म्हणावे? अर्ध्याने हुशार? — भाषांतरकार, कोल्हापूर

शब्द तुमच्या घरातच आहे: दीडशहाणा. असे तंतोतंत जुळणारे जोड फार थोडे. ‘बाय हाफ’ म्हणजे अर्ध्याने जास्त. हुशारी एक माप पुरली असती, याने दीड आणली. दोन्ही भाषांत ती निंदाच आहे. फक्त मराठीत ‘दीडशहाणा’ तोंडावर म्हणता येते आणि त्यात चीड उघड असते. इंग्रजी प्रयोग बहुधा पाठीमागे, थंडपणे होतो. राजकारण्यांबद्दल फार.

‘हाफ’चे इतर प्रयोग इतके सरळ नाहीत. ‘नॉट हाफ बॅड’ म्हणजे वाईट तर नाहीच, चांगलेच आहे. ‘शी डिडन्ट हाफ शाउट’ हे ब्रिटिश वाक्य शब्दशः घेतले तर ‘ती अर्धेही ओरडली नाही’ असे होईल; अर्थ नेमका उलटा, ती केवढी ओरडली! पण ‘ही इज नॉट हाफ द प्लेअर ही वॉज’मध्ये कौतुक नाही, पूर्वीच्या निम्माही उरला नाही. एकाच ‘नॉट हाफ’चे दोन तोंडांचे वागणे. ओळखायची खूण म्हणजे पुढे तुलनेचा दुसरा भाग आहे का ते पाहणे. तो असेल तर खरोखर कमी. नसेल तर बोलणारा जोर देतो आहे.

‘बेटर हाफ’चे ‘अर्धांगिनी’ करतात ते ठीक, जरी इंग्रजी शब्द नवऱ्यालाही लागतो आणि बहुधा थट्टेत येतो. ‘द बेटर पार्ट ऑफ ॲन अवर’ मात्र सांभाळून. इथे ‘बेटर’ म्हणजे उत्तम नव्हे, मोठा. तासाचा मोठा भाग, तासभर होत आला असे. ‘तासाचा सर्वांत छान भाग’ असे भाषांतर छापून गेल्यावर दुरुस्ती कुठे छापणार?

आणि ‘दीड दमडीचा’साठी अमेरिकन ‘टू-बिट’ घ्या. स्पॅनिश डॉलरचे आठ भाग असत, त्या एका भागाला ‘बिट’ म्हणत. दोन बिट म्हणजे पाव डॉलर. ‘टू-बिट लॉयर’, दीड दमडीचा वकील. नाणे गेले, अपमान टिकला. आपल्याकडेही १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, पण ‘सोळा आणे खरे’ अजून बोलले जाते.

‘द होल नाइन यार्ड्स’ हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून गेला असे एकाने ठामपणे सांगितले. खरे आहे का? — दादर

नाही. ऐकायला फार गोड आहे, म्हणून जास्त जपून. ‘सगळेच्या सगळे, काही न वगळता’ या अर्थाने हा प्रयोग १९०७-०८ मधल्या इंडियाना राज्यातल्या एका छोट्या वर्तमानपत्रात सापडतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या मशीनगनचा गोळ्यांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ यार्ड होता, ही लोकप्रिय गोष्टही टिकत नाही. वाक्प्रचार आधीचा, पट्टा नंतरचा. काँक्रीट वाहणाऱ्या ट्रकवरून वाक्प्रचार आला, या गोष्टीचीही तीच गत.

गंमत पुढेच आहे. १९१२ मध्ये शेजारच्या केंटकीत तोच प्रयोग ‘द होल सिक्स यार्ड्स’ असा छापलेला आहे. म्हणजे सहा काय, नऊ काय, आकड्यामागे खरे माप नव्हतेच, नुसता भरगच्चपणा होता. सहावारी आणि नऊवारी दोन्ही तिकडे हजर! पण योगायोगाला पुरावा म्हणायचे नाही. माप हवेच असेल तर वार म्हणजे यार्ड, ०.९१४४ मीटर, नऊवारी सुमारे ८.२३ मीटर, सहावारी ५.४९.

नऊचे इंग्रजीत पुष्कळ चालते. ‘नाइन डेज वंडर’ला आपले ‘नव्याचे नऊ दिवस’ आहे. फरक इतकाच की इंग्रजी प्रयोग चार दिवस गाजून विरलेल्या घटनेला लागतो, आपला माणसाच्या उत्साहालाही. जिमची वर्गणी भरून तिसऱ्या आठवड्यात घरी बसलेल्याला ‘नाइन डेज वंडर’ म्हणणार नाहीत. ‘पझेशन इज नाइन-टेन्थ्स ऑफ द लॉ’ म्हणजे ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’. हा कायद्यातला नियम नव्हे. भाडेकरूशी भांडताना वकिलाला ऐकवू नका.

‘इलेव्हन्थ अवर’ म्हणजे शेवटचा क्षण. मग बारावा तास कुठे गेला? आणि रात्रीचे अकरा की सकाळचे? — सोलापूर

घड्याळाचे अकरा नव्हेतच. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची कथा आहे. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजलेत, सूर्यास्ताला बारा पूर्ण. अकरावा तास म्हणजे संध्याकाळचे पाचच्या सुमारास. मजूर तेव्हा कामावर घेतले आणि तासाभराने दिवस मावळला. बारावा तास तो कामाचा शेवटचा. मराठीत ‘ऐन वेळी’ किंवा ‘शेवटच्या घटकेला’ पुरे. ‘अकराव्या तासाला’ असे मराठी बातमीत दिसते ते वाचवत नाही.

‘ॲट सिक्सेस अँड सेव्हन्स’ आणि ‘तीनतेरा’ एकच का? — गोवा

जवळचे, एक नव्हेत. इंग्रजीतला माणूस किंवा कारभार गोंधळलेला असतो, आवरून पुन्हा उभा राहू शकतो. तीनतेरा वाजले की मोडतोड झालेली असते. उगमाबद्दल लंडनची एक कथा सांगतात: शिंप्यांचा आणि कातडी व्यापाऱ्यांचा संघ, मिरवणुकीत सहावा मान कोणाचा आणि सातवा कोणाचा म्हणून भांडले. १४८४ मध्ये महापौराने निवाडा दिला, एक वर्ष तुम्ही सहावे, एक वर्ष ते. निवाडा खरा आहे आणि तो आजही पाळतात. पण शब्द त्याहून जुने, चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या काव्यात आले आहेत. फाशांच्या जुगारातून आले असावेत असे मानतात.

‘सिक्स ऑफ वन अँड हाफ अ डझन ऑफ द अदर’ याचा गोंधळाशी संबंध नाही. सहा काय, अर्धा डझन काय, सारखेच. ‘उडदामाजी काळे गोरे’ म्हणता येईल, पण त्यात दोन्ही वाईट अशी छटा आहे. इंग्रजीत ती असेलच असे नाही.

व्हिसाच्या अर्जात ‘हाफ-ब्रदर’ आणि ‘स्टेप-ब्रदर’ वेगळे विचारले आहेत. मराठीत दोन्ही सावत्र. काय भरू? तसेच वडिलांचा चुलतभाऊ म्हणजे ‘सेकंड कझिन’ का? — नागपूर

दोघांचे आई किंवा वडील यांपैकी एक जण समान असेल तर ‘हाफ’. रक्ताचे नाते काहीच नाही, फक्त एकाच्या आईने दुसऱ्याच्या वडिलांशी लग्न केले, तर ‘स्टेप’. वडील तेच, आई वेगळी, असा आपला नेहमीचा सावत्र भाऊ ‘हाफ-ब्रदर’ ठरतो. चुकून ‘स्टेप’ भरले आणि जन्मदाखल्यात वडिलांचे नाव एकच दिसले, की अर्ज अडकतो.

‘कझिन’चा हिशोब असा करा. समान पूर्वजापर्यंत दोघांच्या किती पिढ्या, ते मोजा. लहान आकड्यातून एक वजा केला की ‘फर्स्ट’, ‘सेकंड’ ठरते. दोन आकड्यांतला फरक म्हणजे ‘रिमूव्ह्ड’. वडिलांच्या चुलतभावाचे आजोबा म्हणजे तुमचे पणजोबा. त्यांच्या दोन पिढ्या, तुमच्या तीन. दोनातून एक गेला एक, म्हणून ‘फर्स्ट’. फरक एक, म्हणून ‘वन्स रिमूव्ह्ड’. तेव्हा ते तुमचे ‘फर्स्ट कझिन वन्स रिमूव्ह्ड’. त्यांची मुले आणि तुम्ही, दोन्हीकडे तीन पिढ्या, ‘सेकंड कझिन’. ‘रिमूव्ह्ड’ म्हणजे कुटुंबातून काढून टाकलेला नव्हे, एक पिढी दूरचा. आते, मामे, मावस, चुलत सगळे ‘फर्स्ट कझिन’. ‘कझिन ब्रदर’ हा शब्द आपल्या देशाबाहेर फारसा चालत नाही.

औषधाच्या चिठ्ठीवर ‘एव्हरी अदर डे’. तिसऱ्या दिवशी घ्यायचे का? — सातारा

दिवसाआड. सोमवारी घेतले तर पुढचे बुधवारी. तुम्ही सोमवार पहिला धरलात तर बुधवार तिसरा, तेव्हा तुमचे ‘तिसऱ्या दिवशी’ही बरोबर, पण घरातल्या दुसऱ्या कोणी ‘तीन दिवसांनी’ असे ऐकले तर गुरुवार होईल. वारच लिहून चिकटवा. मराठी अशी दोन्ही टोके धरून मोजते: आठवडा सातच दिवसांचा असून त्यात ‘आठ’ आहे. इंग्रजी ‘फोर्टनाइट’ हा ‘चौदा रात्रीं’चा आकसलेला शब्द आहे, आणि आपला पंधरवडा पंधराचा. लॅटिनचाही हाच घोळ. ४८ तासांनी उलटणाऱ्या हिवतापाचे नाव ‘टर्शियन’, म्हणजे तिसऱ्या दिवसाचा.

‘बायवीकली’ टाळा. आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यांतून एकदा, दोन्ही अर्थ कोशात आहेत. ‘बायॲन्युअल’ वर्षातून दोनदा, ‘बायेनियल’ दोन वर्षांतून एकदा. मासिकाची वर्गणी भरण्यापूर्वी हे पाहून घ्या, आमच्या नव्हे, इतरांच्या.

‘क्वार्टर ऑफ अ मिलियन’ म्हणजे नक्की किती लाख? — बातमीदार, अकोला

अडीच लाख. ‘हाफ अ मिलियन’ पाच लाख, ‘थ्री क्वार्टर्स’ साडेसात, ‘वन अँड अ हाफ मिलियन’ पंधरा. दशलक्षाचा पाव काढायचा आहे, लाखाचा नाही. उलट जाताना दीडशे, अडीचशे यांना इंग्रजीत अपूर्णांक लावत नाहीत, ‘अ हंड्रेड अँड फिफ्टी’, ‘टू हंड्रेड अँड फिफ्टी’ म्हणा. हजारापासून पुढे चालते: ‘टू अँड अ हाफ थाउजंड’, अडीच हजार. बाराशेला मात्र ‘ट्वेल्व्ह हंड्रेड’ अगदी मराठीसारखेच.

‘बिलियन’ म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. पण जुन्या ब्रिटिश पुस्तकांत तो लाख कोटींचा असतो. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये आकडेवारीसाठी अमेरिकन अर्थ स्वीकारला. त्याआधीचे लंडनचे पुस्तक भाषांतरित करत असाल, तर शून्ये मोजल्याशिवाय अब्ज लिहू नका.